साचा काच मोजून मागतो

टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर, काचेचे मणी करणारी मंडळी साच्याकडे जरा नाक मुरडूनच बघतात. सळईवर फिरवत फिरवत, डोळ्याच्या अंदाजानं गोल आणलेला मणी तेवढा खरा आणि साच्यात दाबलेला म्हणजे पळवाट, असा एकूण सूर. मला त्या वादात पडायचं कारण नव्हतं, कारण मी माळा करत होते. माळेत मणी थोडे लहानमोठे असले तर कुणी काही म्हणत नाही, उलट हातकाम म्हणून कौतुकच होतं. कानातल्यांची मागणी यायला लागली तेव्हा मात्र पंचाईत झाली. जोड म्हटली की डावं-उजवं शेजारी धरून बघणारच, आणि बघणाऱ्याला अर्ध्या मिलिमीटरचाही फरक दिसतो. माझ्या नणंदेला तर तो फोटोतसुद्धा दिसला.

म्हणून साचा.

ज्यांनी हे काम कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. स्टेनलेस स्टीलची बारीक सळई, माझी २.४ मिलिमीटरची, मातीच्या पातळ लेपात बुडवून वाळवायची. या लेपाला आम्ही रिलीज म्हणतो. त्यात केओलिनसारखी, विस्तवाला दाद न देणारी माती असते. लेप नसेल तर काच स्टीलला कायमची चिकटते आणि मणी सळईवरून निघत नाही. मग टॉर्चच्या ज्योतीत काचेची कांडी वितळवायची आणि ती मऊ काच फिरत्या सळईवर गुंडाळायची. सळई फिरायची थांबली की काच खाली ओघळते, त्यामुळे डावा हात सतत फिरता. ज्योत एलपीजी आणि ऑक्सिजनची. ऑक्सिजन माझ्याकडे सिलिंडरचा नाही, कॉन्सन्ट्रेटरचा आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात ज्या यंत्रासाठी लोक रात्री-अपरात्री फोन फिरवत होते, तीच यंत्रं पुढे अडगळीच्या भावात विकायला निघाली. माझं त्यातलंच, मिनिटाला पाच लिटरवालं. छोट्या टॉर्चला तेवढं पुरतं. डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा लागतो. काच तापली की सोडियममुळे पिवळाधमक भडका दिसतो, ५८९ नॅनोमीटरचा. तो चष्मा नेमका तेवढाच पिवळा प्रकाश अडवतो, आणि भडक्यामागं काच काय करते आहे ते दिसायला लागतं.

काच मी इटलीतल्या मुरानोची वापरते, सोडा-लाइम जातीची, जिला या धंद्यात सगळे ‘१०४ची’ म्हणतात. तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा हा आकडा. एका मण्यात दोन वेगळ्या आकड्यांच्या काचा घातल्या तर थंड होताना त्या एकमेकींना ओढतात आणि मणी तडकतो, कधी लगेच, कधी आठवड्यानं, गिऱ्हाइकाच्या घरी. फिरोजाबादकडच्या कांड्या मला स्वस्तात मिळाल्या होत्या, रंगही छान होते, पण त्यांवर आकडा नव्हता. त्या मी एकेकट्या वापरते, मुरानोच्या काचेत मिसळत नाही.

तर साचा. दोन अर्ध्यांचा, मधल्या वाटीत मऊ काच दाबायचा. अमेरिकेत असे पितळी साचे तयार मिळतात. बायका-पुरुष घरच्या गॅरेजमध्ये काम करतात, त्यांच्यासाठी खास बनवलेले. पण कुरिअर आणि कस्टम धरून जो आकडा झाला तो बघून मी संगणक बंद केला आणि उद्यमनगरला गेले. कोल्हापूरला राहण्याचा हा एक फायदा आहे. ऑइल इंजिनाच्या काळापासून इथं गल्लोगल्ली लेथ, फाउंड्री आणि पॅटर्नवाले, म्हणजे ओतकामाचे नमुने करणारे, आहेत, आणि ‘असलं काय आम्ही करत नाही’ असं म्हणणारा माणूस सहसा भेटत नाही.

ज्या मिस्त्रींकडे गेले ते पंपाचे भाग करतात. मी वहीत काढलेलं चित्र पुढं ठेवलं. भिंगासारखा, दोन्हीकडून फुगीर आणि कडेला निमुळता मणी. व्यास १८ मिलिमीटर, मधोमध जाडी ९.

‘रबर दाबणार का प्लास्टिक?’

‘काच.’

‘काच? फुटंल की ताई.’

‘गरम काच. मऊ असते तेव्हा.’

त्यांनी चित्र उलटंसुलटं बघितलं, पेन्सिल घेतली आणि बाजूला आकडेमोड केली. ९ म्हणजे प्रत्येक अर्ध्यात साडेचार खोली, तर वाटीची त्रिज्या सव्वाअकरा. मला ती काढायला घरी मुलाला विचारावं लागलं होतं. मग प्रश्न सुरू झाले, आणि ते सगळे पॅटर्नवाल्याचे प्रश्न होते. सुटणार कसं? कडेला टेपर, म्हणजे उतार, आहे का? दोन अर्धी एकमेकांवर सरळ बसणार कशानं? सळईची खाच केवढी? मी फक्त मण्याचा विचार केला होता, साच्याचा त्यांनी केला.

टेपरचा प्रश्न भिंगाच्या आकारात आपोआप सुटतो, कारण वाटी काठाकडे उघडतच जाते, काच कुठं अडकत नाही. सरळ कडेचा मणी असता तर उतार द्यावा लागला असता. शिवाय थंड होताना काच आकसते आणि तापून पितळ जरा पसरतं, म्हणजे दोघंही एकमेकांपासून सुटायला मदत करतात. खाचेचं मात्र बरंच बोलणं झालं. सळई २.४ची, तिच्यावर लेप, तोही कधी जाड कधी पातळ. खाच घट्ट केली तर दाबताना लेप खरवडला जातो आणि मणी सळईला धरून बसतो. सैल केली तर मऊ काच खाचेत घुसते आणि मण्याच्या भोकाला धारदार कॉलर येते, दोरा कापणारी. शेवटी तीन मिलिमीटर ठरलं. दोन्ही अर्धी एकत्र आवळून, जोडाच्या रेषेवरच आरपार ड्रिल मारून त्यांनी ती खाच पाडली, म्हणजे अर्धी अर्धी दोन्हींत आली. गाइड पिना त्यांनी न सांगता बसवल्या. वरच्या अर्ध्याला लाकडी मूठ मी मागितली, कारण एका हातात सळई असते आणि दाबायला एकच हात उरतो.

पितळच का, हे त्यांनी विचारलं नाही, पण मला मागं एकानं विचारलं होतं. ग्रॅफाइटही चालतं, काच त्याला चिकटत नाही. पण ते ठिसूळ असतं आणि वारंवार तापलं की झिजत जातं. पितळ उष्णता झटकन ओढून घेतं, त्यामुळे काचेच्या पृष्ठभागावर लगेच साय धरते आणि ती चिकटायच्या आत सुटते. गंजत नाही. शिवाय लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, हे मिस्त्रींचं मत. वाटी आधी बारीक एमरीनं घासायची आणि मग बफनं चमकवायची. टूलची एक रेघ राहिली तरी ती प्रत्येक मण्यावर उमटणार.

साचा घरी आला आणि खरं काम सुरू झालं. बाहेरच्या माणसाला वाटतं की साचा असला म्हणजे डोकं चालवायला नको. खरं म्हणजे उलट आहे. हातानं गोल मणी करताना काच थोडी जास्त झाली तर मणी थोडा मोठा होतो, बस्स. साच्यात मात्र नेमकी मापाची काच लागते. कमी पडली तर कड भरत नाही, गोलसर, दमलेली दिसते. जास्त झाली तर दोन अर्ध्यांच्या फटीतून पापुद्रा बाहेर येतो, आणि फारच जास्त असेल तर साचा मिटतच नाही.

मग माप काढायचं कसं? गणितानं निघतं, पण त्याहून सोपी युक्ती आहे. पोरांची रंगीत क्ले घ्यायची, सळईभोवती थापून साच्यात दाबायची, बाहेर आलेली कापून टाकायची. मग तो क्लेचा मणी सळईवरून काढून, वळून, काचेच्या कांडीच्या जाडीची लांब वळी करायची. वळीची लांबी म्हणजे लागणाऱ्या कांडीची लांबी. माझ्या साच्याला सहा मिलिमीटरच्या कांडीची साधारण चार सेंटिमीटर लांबी लागते, वजनात जेमतेम तीन ग्रॅम. कणीक घेऊन करायला जाऊ नका, ती परत आकसते.

यात मेख अशी की कांड्या हातानं ओढलेल्या असतात आणि सगळ्या सहाच्या नसतात. पाचची कांडी हातात आली तर चारऐवजी जवळजवळ सहा सेंटिमीटर लागतात, कारण फरक जाडीच्या वर्गानं वाढतो. एका मिलिमीटरसाठी दीडपट! म्हणून मी आता बसण्यापूर्वी जाडी मोजायला व्हर्नियर लावते, एका जोडीसाठी एकाच जाडीच्या कांड्या काढून ठेवते, आणि लागणाऱ्या लांबीवर मार्करनं रेघ मारते. शाई ज्योतीत जळून जाते, काचेला काही होत नाही.

आता दाबणं. आधी सळईवर पिंप करायचं, साच्याच्या पोकळीपेक्षा थोडं आखूड. पंधरा-सोळा मिलिमीटर लांब, दहाएक जाड, मध्ये जरा पोट असलेलं. पिंप पोकळीइतकंच लांब केलं तर दाबल्यावर काच सळईच्या दिशेनं पळते आणि दोन्ही टोकांना टोकदार कडा येतात. मण्याच्या भोकाशी काच आत वळलेली हवी, बोटाला लागता कामा नये. मणी चांगला की वाईट ते मी तरी आधी तिथंच बघते.

मग ते पिंप आतपर्यंत तापवायचं. यात घाई करणाऱ्यांचं हमखास फसतं, कारण वरून केशरी दिसणारी काच आत ताठच असते. दाबलं की वरचा थर सरकतो, आतला गाभा हलत नाही, आणि सगळा ताण लेपावर येऊन लेप तुटतो. एकदा लेप तुटला की मणी सळईवर स्वतंत्र गरगरायला लागतो आणि मग त्याला ज्योतीत सारखं फिरवणं अशक्य. काच पुरेशी तापली की ती काकवीसारखी जड आणि संथ ओघळू पाहते. फिरवणाऱ्या हाताला तो जडपणा कळतो, डोळ्याला कळायच्या आधी. तिथपर्यंत आली की ज्योतीबाहेर काढायची आणि लगेच दाबायची नाही. एक श्वास थांबायचं. केशरी रंग किंचित उतरतो, वर पातळ साय येते. तेव्हा सळई खाचेत आडवी, अगदी समपातळीत ठेवायची आणि वरचा अर्धा सरळ खाली. सळई जरा जरी तिरकी असली तर वाकते, आणि वाकलेल्या सळईवरून मणी निघत नाही.

किती वेळ दाबायचं? ‘एक’ म्हणून होईतो. ठासून, पण क्षणभर. पितळ काचेतली उष्णता इतक्या वेगानं पितं की दोन-तीन सेकंद जास्त धरलं तर आतून टिक् असा आवाज येतो आणि समजायचं ते समजतं.

साचा उघडून मणी उजेडात फिरवला की सगळं वाचता येतं. जिथं पितळ लागलं तिथं काचेवर बारीक सुरकुत्या असतात, थंड धातूला टेकल्याच्या. जिथं लागलंच नाही तिथं काच चकचकीत आणि गोल राहिलेली असते, म्हणजे तिथं माल कमी पडला. तिथं कांडीचं टोक टेकवून थेंबभर काच द्यायची, पुन्हा तापवायचं, पुन्हा दाबायचं. पापुद्रा आला असेल तर तो ज्योतीत आपोआप आत ओढला जातो. काच मऊ झाली की गोल व्हायला बघतेच. फार जास्त झाली असेल तर थंड कांडीचं टोक चिकटवून जादा काच ओढून काढावी लागते. एका दाबात मणी झाला असं माझ्याकडं क्वचित होतं. दाब, ज्योत, पुन्हा दाब, पुन्हा ज्योत, असंच चालतं.

सुरकुत्या घालवणं हे वेगळं कसब आहे. ज्योत मण्याच्या दोन्ही पोटांवरून नुसती फिरवायची, सुरकुत्या विरघळेपर्यंत आणि आकार विरघळायच्या आत. भिंगाच्या मण्याची कड पातळ, ती सगळ्यात आधी तापते आणि सगळ्यात आधी थंडही होते. पोटाकडे लक्ष ठेवताना कड विसरली तर तिथून तडा जातो. म्हणून मधूनमधून कडेलाही ऊब द्यायची. थंडीत सुरकुत्या जास्त येतात. डिसेंबरमध्ये मी साचा आधी हॉटप्लेटवर जरा तापवून घेते. इतकाच की उघड्या हातानं धरवू नये.

पारदर्शक काचेत सुरकुत्या लगेच दिसतात, काळ्या काचेत त्याहून जास्त, कारण तिच्यात अख्खी खिडकी उमटते आणि खिडकीची चौकट वाकडी दिसली की झालं. लाल-केशरी अपारदर्शक काचेचं दुखणं वेगळं. तिचा रंगच कॅडमियम-सेलेनियमचा. वारंवार तापवली की लाल उतरून काळपट, कलेजीसारखा रंग येतो. लाल मण्याला म्हणून दोन दाबांतच आकारात आणायचा हट्ट धरावा लागतो, नाहीतर सोडून द्यावा लागतो. हस्तिदंती रंगावर फिरोजी ठिपके टाकले तर दोघांच्या मध्ये आपोआप गडद काळपट रेघ उमटते. फिरोजी काचेतलं तांबं आणि हस्तिदंतीतलं गंधक यांची ती गाठ. ही रेघ मला फार आवडते, कितीही बारीक कांडी घेतली तरी हातानं इतकी नाजूक ओढता येणार नाही.

पण ठिपके कधी टाकायचे? पिंपावर टाकून मग दाबलं तर काच सळईपासून बाहेर, आडवी पसरते आणि ठिपक्यांचे लंबगोल होतात. पानं, पाकळ्या हव्या असतील तर ते उपयोगीच. गोल ठिपके हवे असतील तर आधी दाबून आकार आणायचा, मग ठिपके, ते पूर्ण आत वितळवायचे, आणि शेवटी एक हलका दाब. शिवाय त्या ठिपक्यांची काचही त्या चार सेंटिमीटरांतच धरायची असते. हे लक्षात ठेवणं फार कटकटीचं, पण जोड जमायची असेल तर पर्याय नाही.

चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्सच्या भागात अठराव्या शतकापासून दाबलेले मणी होतात, ते या बाबतीत सुखी. तिथं कांडीचं टोक छोट्या भट्टीत मऊ करून चिमट्यासारख्या साच्यात दाबतात, भोक सुईनं त्याच वेळी पडतं, आणि काच मुद्दाम जास्तच घेतात. फटीतून आलेला पापुद्रा नंतर मणी फिरत्या ड्रममध्ये घुसळून झाडून टाकतात. आम्हाला ती चैन नाही. आमचा मणी सळईवर असतो, जादा काच त्याच्याच अंगाला राहते.

दाबून, चमकवून झालेला मणी थेट विजेच्या भट्टीत. तिथं ५१० अंश सेल्सिअसला काही वेळ धरून ठेवायचं म्हणजे आतला ताण निघतो, मग तासाला पन्नास-साठ अंशांनी ३७० पर्यंत उतरवायचं आणि पुढं भट्टी बंद. साच्यातल्या मण्याला ही पायरी कधीच टाळता येत नाही. जाड पोट आणि पातळ कड वेगवेगळ्या वेगानं थंड होतात, ताण तिथंच साचतो. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की वीज जाते, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. भट्टी जाड अस्तराची असल्यानं उष्णता हळूच उतरते, पण भरवसा नसतो. असा घाणा मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून चढवते. ताण काढणं पुन्हा करता येतं, मणी त्यानं बिघडत नाही. पारदर्शक मणी दोन पोलराइज्ड फिल्म आडव्या-उभ्या धरून त्यांच्यामध्ये ठेवला की ताण असलेली जागा उजळ दिसते. रंगीत अपारदर्शक मण्यांना मात्र हा उपाय लागू नाही.

शेवटी मणी पाण्यात भिजवायचे, सळईवरून पिळून काढायचे आणि भोकातली माती हिऱ्याच्या बारीक कानशीनं घासायची. हे काम पाण्याखालीच. ती वाळलेली माती नाकातोंडात गेलेली चांगली नाही.

पहिल्या काही जोड्या मिस्त्रींना दाखवायला नेल्या. त्यांनी व्हर्नियर काढला, दोन्ही मणी मोजले आणि म्हणाले, ‘दहा पॉइंटचा फरक हाय. चालतंय की.’ दहा पॉइंट म्हणजे एक दशांश मिलिमीटर. शेजारच्या लेथवरचा पोरगा म्हणाला, हे फॉरेनचं काम दिसतंय. म्हटलं, पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी खणलं तेव्हा काचेच्या बांगड्या निघाल्या, मणी निघाले. इथून चालत जाशील तेवढ्या अंतरावर. त्यावर त्याचा प्रश्न (डाय म्हणजे साचा), ‘त्यांचा डाय कुणी केलता?’

आता पुढचा साचा जवाचा करायचा आहे. साजातल्या जवमण्यासारखा लांबट, दोन्ही टोकं निमुळती. यात दोन अडचणी आहेत. टोकाला काच अगदी थोडी, पितळ ती आधीच गोठवून टाकणार, म्हणून टोकं जरा बोथट करावी लागतील. आणि जवाला भोक लहान हवं, म्हणजे सळई १.६ची, म्हणजे खाच दोनची. मिस्त्रींचं म्हणणं, एवढ्या बारीक ड्रिलनं जोडाच्या रेषेवर सरळ भोक पाडताना ड्रिल एका बाजूला सरकतं. त्यापेक्षा प्रत्येक अर्ध्यात वेगळी खाच मिलिंगनं काढू. मला ते पटलेलं नाही, कारण मग दोन खाचा तंतोतंत समोरासमोर येतीलच असं नाही, आणि तेवढ्या फरकानं लेप खरवडला जातो. क्लेचा जव करून त्यांच्याकडे ठेवून आलेय. फाउंड्रीची ऑर्डर हातावर आहे, गणपतीनंतर बघू म्हणालेत.